निमित्त आधी, जहाज नंतर: ईव्ह ऑनलाइनमध्ये वस्तू घडवणे आणि तिची कथा जपणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बारा जण, बहुतेक मराठी बोलणारे, ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात एक लहान कॉर्पोरेशन, म्हणजे खेळाडूंचा गट, चालवता. गेले आठ महिने तुम्ही जहाजे बांधता आणि प्रत्येक जहाजासोबत त्या विश्वाच्या इतिहासाला धरून अर्ध्या पानाची कथा लिहिता. मेहनत भरपूर आहे, पण तुमचेच सदस्य त्या कथा वाचत नाहीत आणि जीटा या खेळातल्या सर्वात मोठ्या बाजारपेठेत तर कोणी विचारतही नाही. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कथेवरून वस्तू घडावी यासाठी नेमके काय करावे, कथा मराठीत लिहावी की इंग्रजीत, आणि सुरुवात कोणत्या वस्तूपासून करावी.

मार्च २००९ मध्ये अपोक्रिफा हा विस्तार आला आणि वर्महोल, म्हणजे अनोळखी प्रदेशांत नेणाऱ्या अवकाशातल्या वाटा, उघडले, तेव्हापासून मी हा खेळ खेळतो आहे. त्यातील बहुतेक वर्षे मी एका लहान गटासाठी जहाजे बांधण्याचे आणि त्याच गटाची नोंदवही सांभाळण्याचे काम केले. ही दोन्ही कामे शक्यतो एकाच माणसाकडे असावीत असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही कथा लिहिता ती जहाज तयार झाल्यावर. तोपर्यंत त्या जहाजाबाबत ठरवण्यासारखे काहीच उरलेले नसते. कथेपायी एकही खनिज बदललेले नसते, एकही फेरी वाढलेली नसते, कोणी जास्तीचा धोका पत्करलेला नसतो. आपल्या घरातल्या भांड्यांकडे पाहा. लग्नात द्यायच्या तांब्यावर किंवा डब्यावर दुकानातच नाव घालून घेण्याची आपली पद्धत आहे: कोणाकडून, कोणाला, कशाच्या निमित्ताने, कोणत्या तारखेला. त्याच भांड्याच्या तळाशी कारखान्याचा शिक्काही असतो, पण तो कोणी वाचत नाही. चाळीस वर्षांनी भांडे घासताना बोट थांबते ते ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या त्या एका ओळीवर, आणि मग घरातले वडीलधारे सांगू लागतात की ही आत्या कोण, ती कुठे राहायची, आणि त्या लग्नात पंगतीच्या वेळी पाऊस कसा आला होता. कोरलेला मजकूर एका ओळीचा असतो, पण त्याच्याभोवती कथा सांगणारी माणसे असतात. तुमचे अर्धे पान आज कारखान्याच्या शिक्क्याच्या जागी बसले आहे. ते कितीही सुंदर लिहिलेले असले तरी वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा किंवा ओळखीच्या कोणाचा हात दिसत नाही.

ईव्हमध्ये ही गोष्ट इतर खेळांपेक्षा जास्त लागू पडते, आणि त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी हा खेळ सुरू केला. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरातले खेळाडू आजही ट्रँक्विलिटी या एकाच सर्व्हरवर, न्यू ईडन नावाच्या एकाच विश्वात वावरतात. त्या विश्वातली जवळजवळ सगळी जहाजे खेळाडूंनीच बांधलेली असतात. कोणीतरी दगड फोडून ट्रिटॅनियम, पायराइट, मेक्सॅलॉन काढलेले असते, कोणीतरी ब्लूप्रिंटवर महिनोन्महिने संशोधन करून तिची कच्च्या मालाची गरज कमी केलेली असते, कोणीतरी तो माल धोक्याच्या वाटेने वाहून आणलेला असतो. म्हणजे प्रत्येक जहाजामागे माणसांची साखळी खरोखर असतेच. दुर्दैव असे की खेळ ती साखळी कुठेही दाखवत नाही. वस्तूच्या माहितीच्या खिडकीतले वर्णन कंपनीने लिहिलेले असते आणि त्या प्रकारच्या हजारो जहाजांना तेच असते. तुम्ही बांधलेले रिफ्टर (एक लहान लढाऊ जहाज) बाजारात ठेवले की ते इतर शेकडो रिफ्टरांच्या राशीत मिसळते. ते तुमचे होते हे त्यानंतर तुम्हालाही ओळखता येत नाही.

याच्याही पुढची एक बाब नव्या कारागिरांच्या लक्षात येत नाही. जहाज जोडून तयार केले की त्याला हवे ते नाव देता येते. पण तेच जहाज पुन्हा पॅकेज केले की नाव जाते आणि बसवलेले रिग, म्हणजे कायमचे जोडलेले सुधारणेचे भाग, तेही नष्ट होतात. जहाज लढाईत गेले तर किलमेल, म्हणजे नाशाचा अहवाल, निघतो, ज्यात जहाजाचा प्रकार, चालक, मारणारे, जागा, वेळ आणि प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे बसवलेल्या उपकरणाची, नोंद असते. जहाजाला तुम्ही दिलेले नाव मात्र त्यात नसते. खेळ नाशाची नोंद काटेकोर ठेवतो, पण नावाची ठेवत नाही. नाव राखायचे असेल तर ते माणसांनीच राखावे लागते, आणि या खेळातले सामूहिक कथाकथन मला विचाराल तर इथूनच सुरू होते.

या खेळाच्या इतिहासातले सर्वात बोलके उदाहरण २००६ सालचे आहे. असेंडंट फ्रंटियर या खेळाडूंच्या आघाडीने त्या वर्षी न्यू ईडनमधले पहिले टायटन बांधले. ते अ‍ॅव्हेटार वर्गाचे प्रचंड जहाज होते, आणि त्या काळी एवढे जहाज बांधणे म्हणजे शेकडो लोकांच्या महिन्यांच्या खाणकामाचा आणि वाहतुकीचा हिशेब होता. त्याचे नाव त्यांनी ठेवले स्टीव्ह. अमार साम्राज्याच्या धर्मगंभीर परंपरेतले, सोनेरी कवचाचे ते जहाज, आणि नाव मात्र शेजारच्या मुलाला हाक मारावी तसे. डिसेंबर २००६ मध्ये सी९एन-सीसी या तारकाप्रणालीत बँड ऑफ ब्रदर्स या प्रतिस्पर्धी आघाडीने ते पाडले. लढाईनंतर चालकाने खेळातून बाहेर पडून जहाज सुरक्षित झाले असे मानले होते, पण ते अवकाशात तसेच राहिले आणि शत्रूने शोधून काढले. त्याचे भग्नावशेष आजही त्या प्रणालीत आहेत आणि नवे खेळाडू ते पाहायला जातात. स्टीव्हवर कोणी अर्ध्या पानाची कथा लिहिलेली नव्हती. त्याच्याकडे एक नाव होते, ते बांधण्यामागे शेकडो हात होते, आणि त्याचा शेवट कुठे व कसा झाला हे सर्वांना ठाऊक होते. कथेला एवढे पुरले.

कंपनीनेही ही जाणीव वेळोवेळी दाखवली आहे. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी येथे एका आघाडीकडून प्रणालीच्या ताब्याचे शुल्क भरायचे राहिले, त्यातून जवळजवळ एकवीस तासांची लढाई पेटली आणि ७५ टायटन नष्ट झाली. त्यानंतर त्या ठिकाणी टायटनांच्या अवशेषांचे कायमचे स्मारक उभारण्यात आले. त्याआधी २०११ मध्ये कंपनीच्या धोरणावर चिडलेल्या खेळाडूंनी जीटामधल्या पुतळ्यावर दिवसेंदिवस मारा केला होता, आणि पुढे तो पुतळा भंगलेल्या रूपातच ठेवला गेला. खेळाडूंनी केलेली कृती अशा रीतीने विश्वाच्या भूगोलाचा भाग झाली. मोठ्या युद्धांबद्दल इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून ते इथेच सोडतो. तुमच्यासारख्या बारा जणांच्या गटाला त्यातून घेण्यासारखे एवढेच की स्मारके घडलेल्या गोष्टीची होतात, आणि घडवण्यासाठी ७५ टायटनांची गरज नसते.

आता घडणीकडे येतो, कारण खरे काम तिथे आहे. अपोक्रिफासोबत चार स्ट्रॅटेजिक क्रूझर, म्हणजे उपप्रणाली बदलून हवी तशी जुळवता येणारी जहाजे, आली, खेळातल्या चार साम्राज्यांची एकेक: कॅल्डारींचे टेंगू, मिनमटारांचे लोकी, अमारांचे लीजन आणि गॅलेंटेंचे प्रोटियस. माझ्या मते या खेळात कथा आणि कारागिरी यांचा सांधा इतका नेमका दुसऱ्या कुठल्याही वस्तूत बसलेला नाही. कथेनुसार ही जहाजे स्लीपर नावाच्या प्राचीन, स्वप्नावस्थेत गेलेल्या संस्कृतीच्या अवशेषांतून मिळालेल्या तंत्रज्ञानावर बांधली जातात. ही कथा वर्णनात लिहून कंपनी थांबलेली नाही, तर ती कारागिराकडून करून घेते. तुम्हाला प्रत्यक्ष वर्महोलमध्ये जावे लागते. तिथे स्थानिक चॅटमध्ये कोण आहे हे दिसत नाही, त्यामुळे आपण एकटे आहोत की नाही हे कळत नाही. स्लीपरांची यंत्रे पाडून त्यांच्या अवशेषांतून साल्व्हेज (उपयोगी भंगार) काढायचे. ढगांतून फुलेराइट हा वायू गोळा करायचा, आणि तो गोळा करायला लागल्यावर काही वेळाने पहारेकरी येतात. तो वायू खनिजांसोबत अभिक्रियेत घालून पॉलिमर बनवायचे आणि त्यांचे पुढे सुटे भाग. शिवाय पडक्या जागांतून हॅकिंग करून जुने अवशेष आणायचे आणि त्यांतून ब्लूप्रिंट मिळते का ते पाहायचे. तिथे यशाची हमी नसते, फक्त शक्यता असते, आणि अवशेष धड आहे, नादुरुस्त आहे की मोडका आहे यावर ती कमीजास्त होते. मृत संस्कृतीची भाषा अर्धवट समजावी आणि एखादे वाक्य लागावे, एखादे निसटावे, तसे ते असते. सुरुवातीची अनेक वर्षे असे जहाज गमावले की चालकाच्या एका उपप्रणालीच्या कौशल्याचा एक स्तरही जात असे. म्हणजे चार-पाच दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण जहाजाबरोबर जळून जाई.

आमच्या गटाने बांधलेल्या एका लोकीची नोंद मी इथे जवळून दाखवतो. नोंदवहीला आम्ही बखर म्हणतो. त्यात त्या जहाजाचे पहिले वाक्य जहाज बांधायला घेण्याच्या तीन आठवडे आधीचे आहे: "रात्री दोनच्या सुमारास दारावर कोणी नव्हते, दोघे वायू भरताना गेले, दारावर बसणारे जहाज हवे." दार म्हणजे वर्महोलचे तोंड. हे निमित्त. नाव त्याच दिवशी ठरले: टिटवी. रात्री माणसाची चाहूल लागली की टिटवी ओरडते आणि सगळा माळ जागा होतो, हे आमच्यातल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले होते. निमित्त ठरल्यामुळे पुढचे पुष्कळसे आपोआप ठरले. लपून राहता यावे म्हणून क्लोक लावणारी उपप्रणाली हवी, शोधासाठी प्रोब लाँचर हवा, आणि तोफांवर खर्च नको. मग ज्या दोघांचे जहाज गेले होते त्यांनी आग्रह धरला की या जहाजासाठी लागणारा वायू त्याच ढगातून आणायचा. व्यवहाराच्या दृष्टीने ते गैरसोयीचे होते, कारण जीटामध्ये तो वायू त्या आठवड्यात स्वस्त होता. तरी ते दोघे परत गेले, आणि या वेळी बाकीचे पाच जण पहाऱ्याला होते. बखरीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: "वायू, तोच ढग, काका आणि धाकटा, पहारा पाच, कोणी आले नाही." अवशेषातून ब्लूप्रिंट मिळवण्याचे दोन प्रयत्न फसले. ते कोणाच्या हातून फसले हेही लिहिलेले आहे, आणि तिसऱ्याला कोणाच्या हातून मिळाली तेही.

टिटवी सात महिने टिकली. गेली तीही दारावरच, आमच्या एका मालवाहू जहाजाला वाट काढून देताना. किलमेलवर फक्त लोकी लिहिलेले आहे. दोन दिवसांनी ज्याने तिला मारले त्या खेळाडूचा आम्हाला संदेश आला. तो स्पॅनिश भाषक होता. त्याच्या ओव्हरव्ह्यूमध्ये, म्हणजे आसपासच्या जहाजांच्या यादीत, त्याला जहाजाचे नाव दिसले होते आणि त्या शब्दाचा अर्थ काय, एवढेच त्याला विचारायचे होते. आम्ही सांगितले. त्याच्या देशातही रात्री ओरडणारा तसा एक पक्षी आहे असे त्याने कळवले. तो संदेश बखरीत टिटवीच्या नोंदीखाली शेवटची ओळ म्हणून लिहिलेला आहे. ही नोंद आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, आणि ती कोणी कोणाला वाचायला सांगितलेली नाही.

यातून मी सुचवतो ती पद्धत अगदी साधी आहे. निमित्त लिहिल्याशिवाय ब्लूप्रिंटला हात लावू नका. निमित्त एका वाक्याचे असावे आणि त्यात तुमच्याच गटात घडलेली किंवा घडवायची गोष्ट असावी. त्या निमित्ताने घडणीतल्या निदान एका निर्णयाला वळण दिले पाहिजे. माल कुठून आणायचा, कोणी आणायचा, काय वापरायचे नाही, जहाज कोणत्या प्रणालीत जोडायचे, यांपैकी काहीतरी एक कथेमुळे बदलले पाहिजे आणि त्या बदलाची किंमत, वेळेची किंवा पैशाची, कोणीतरी मोजली पाहिजे. तुम्ही स्वतःला मिनमटार बंडखोरांचे वारस म्हणवता असे तुमच्या पत्रात आहे. मग अमार प्रदेशातून खनिजे विकत न घेण्याचा नियम पाळून पाहा. महिनाभरात तुम्हाला कळेल की कोणता माल मिळायला अवघड झाला, कोणत्या सदस्याने त्यासाठी लांबची फेरी मारली आणि कोणत्या रात्री त्याला वाटेत गाठले गेले. तुमची कथा तिथे तयार होईल आणि तुम्हाला ती फक्त नोंदवून ठेवायची असेल.

किंमत मोजणारी कथा म्हणजे काय, याची दोन उदाहरणे खेळातच आहेत. सिग्नल कार्टेल नावाचे खेळाडूंचे एक कॉर्पोरेशन आहे. अवकाशाचा शोध घ्यायचा आणि कोणावर आपणहून हल्ला करायचा नाही, हे त्यांचे ब्रीद आहे. ते वर्महोलमधल्या प्रणालींत लहान कंटेनर ठेवून येतात आणि त्यांत प्रोब लाँचर आणि काही प्रोब असतात, म्हणजे ज्याचे शोधयंत्र गेले आणि बाहेरची वाट सापडत नाही अशा कोणाही अनोळखी माणसाला परतता यावे. त्या कंटेनरातला माल बाजारात फार स्वस्त आहे. पण तो ठेवायला प्रत्येक प्रणालीत कोणाला तरी स्वतः जावे लागते आणि ठराविक काळाने तो तपासायला परतही जावे लागते. माझ्या मते न्यू ईडनमध्ये कथेवरून घडलेली सर्वात सुंदर वस्तू ती आहे.

दुसरे उदाहरण २०१९ आणि २०२० साली ट्रिग्लाव्हियन या परक्या संस्कृतीने केलेल्या आक्रमणाचे. त्या आक्रमणात खेळाडूंना बाजू निवडता येत होती. काही एडेनकॉम या संयुक्त सैन्याच्या बाजूने साम्राज्यांचे रक्षण करत होते, तर काही स्वतःला कायबरनॉट म्हणवून आक्रमकांच्या बाजूने लढत होते आणि त्यांच्या गूढ लिपीचा व बोलीचा अभ्यास करत होते. शेवटी २७ प्रणाली साम्राज्यांच्या हातून गेल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचा पोच्वेन हा वेगळा प्रदेश झाला. त्यांत निआर्याही होती. जीटा आणि अमार या दोन बाजारपेठांमधला सुरक्षित रस्ता तिच्यातून जात असे आणि तो नऊ-दहा उड्यांचा होता (एका प्रणालीतून दुसरीत जाणे म्हणजे एक उडी). ती गेल्यावर पूर्ण सुरक्षित वाट चाळीसहून अधिक उड्यांची झाली. मालवाहू चालकांचे दर, बाजारांमधला भावाचा फरक, कोणी कुठे कारखाना थाटायचा, हे सगळे त्या एका कथेने बदलले. ज्यांना कथेशी काही देणेघेणे नव्हते त्यांनाही ती दररोज उड्या मोजताना जाणवू लागली. मी स्वतः त्या काळात साम्राज्यांच्या बाजूला होतो आणि निआर्या वाचवता आली नाही याची हळहळ आजही वाटते.

त्याच ट्रिग्लाव्हियनांसोबत २०१८ मध्ये आलेले म्युटाप्लाझमिड तुमच्या कामाचे आहेत. फिलामेंट नावाची वस्तू वापरून अ‍ॅबिसल डेडस्पेस या बंदिस्त, धोक्याच्या प्रदेशात उतरायचे. वीस मिनिटांच्या आत तीन कप्पे पार करून बाहेर यायचे, नाहीतर जहाज आणि चालकाची कॅप्सूल दोन्ही जातात. तिथून आणलेले म्युटाप्लाझमिड साध्या मॉड्यूलवर वापरले की त्याचे गुण बदलतात, कधी सुधारतात, कधी बिघडतात, आणि मूळ मॉड्यूल परत मिळत नाही. असे प्रत्येक मॉड्यूल इतरांपासून वेगळे असते, म्हणूनच ते सर्वसाधारण बाजारात राशीने विकता येत नाही, कॉन्ट्रॅक्टने, म्हणजे थेट करारानेच द्यावे लागते. ज्या खेळात प्रत्येक वस्तू दुसरीसारखी असते तिथे ही एक वस्तू स्वतःचा चेहरा घेऊन येते. आमच्याकडे बिघडलेले मॉड्यूलही फेकत नाहीत. ज्याच्या हातून बिघडले त्याच्या पुढच्या जहाजात ते एकदा तरी बसवायचे असा नियम आहे. एका सदस्याने असे कमजोर झालेले वेब मॉड्यूल (शत्रूचा वेग कमी करणारे) घेऊन तीन महिने काढले. त्यामुळे त्याला लढाईत जास्त जवळ जावे लागे, आणि त्या सवयीने तो आमच्यातला सर्वात धीट चालक झाला.

अधिकृत इतिहासाबद्दल एक गोष्ट सांगणे जरूर आहे, कारण तुमच्या कथांत त्याचा मजकूर जसाच्या तसा येतो असे तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांवरून दिसते. कंपनीच्या बखरी जरूर वाचाव्यात, पण त्यांचा उपयोग पुन्हा सांगण्यासाठी करू नये, शोध घेण्यासाठी करावा. डिसेंबर २०१४ मध्ये न्यू ईडनच्या आकाशात सगळीकडून दिसणारा एक नवा तेजस्वी बिंदू उगवला. खेळाडूंनी त्याला कॅरोलाइनचा तारा म्हटले. कोणीही घोषणा केली नव्हती. लोकांनी वेगवेगळ्या प्रणालींतून त्याची दिशा मोजली, मोजमापे एकमेकांशी जुळवली आणि जिथे कोणालाही जाता येत नाही त्या जोव्ह प्रदेशातली त्याची जागा निश्चित केली. हे काम करणाऱ्यांनी इतिहास वाचलेला होता म्हणून त्यांना कुठे पाहायचे ते कळले. तुमच्यापैकी एखाद्याला वाचनाची आवड असेल तर त्याला कथा लिहिण्याऐवजी पुढचा ढग, पुढचे भग्नावशेष, पुढची प्रणाली निवडण्याचे काम द्या.

आता नोंदवहीविषयी. ती एकाच्या खात्यावर ठेवू नका. आमची पहिली दोन वर्षांची नोंद एका सदस्याकडे होती. त्याने खेळ सोडला, त्याचा संपर्क तुटला आणि ती सगळी नोंद गेली. दुसरा फटका २०१३ मध्ये बसला. आम्ही एका वर्महोलमधून दुसऱ्यात मुक्काम हलवला, आणि पॅकेज केलेले जहाज फार कमी जागा घेते म्हणून एका सदस्याने घाईत चौदा जहाजे पॅकेज करून मालवाहू जहाजात भरली. सगळ्या जहाजांची नावे गेली. कोणते जहाज कोणते हे फक्त मोजक्या नोंदींवरून लावता आले, आणि पाच जहाजे अनामिक राहिली ती राहिलीच. तेव्हापासून बांधणाऱ्यानेच नोंद ठेवायची हा नियम केला, कारण जहाज कोणत्या स्थितीत आहे हे त्यालाच प्रथम कळते. निमित्त, नाव, माल आणणाऱ्यांचे हात, शेवट: एवढेच लिहावे आणि त्याच दिवशी लिहावे. सुशोभित लिहिण्याचा मोह आवरावा. विशेषणे जितकी कमी, तितके पुढे सांगणाऱ्याला बोलायला जास्त उरते.

विक्रीबाबत माझे मत तुम्हाला कदाचित निराश करील. कथेमुळे जीटामध्ये भाव वाढत नाही आणि तशी अपेक्षा ठेवू नये, कारण तिथे वस्तूला ओळखच नसते. विकायची जहाजे कथेशिवाय विका आणि त्या पैशातून निमित्ताची जहाजे बांधा. निमित्ताचे जहाज शक्यतो द्यावे, किंवा रिग बसवून, तयार करून, ओळखीच्या माणसाला कॉन्ट्रॅक्टने सोपवावे. आणि ते वापरले जाईल असे पाहावे. हँगरमध्ये जपून ठेवलेल्या जहाजाची नोंद दोन ओळींवर अडकते.

भाषेचा तुमचा प्रश्न मला फार आवडला. जहाजाचे नाव मराठी ठेवा, पण रोमन लिपीत लिहा, कारण ते परक्या चालकाच्या पडद्यावर दिसते आणि त्याला निदान उच्चारता आले पाहिजे. बखर मात्र मराठीतच लिहा. तुमच्यातला एक डोंबिवलीत, एक दुबईत आणि एक टोरंटोमध्ये आहे. त्यांना एकत्र बांधणारी जी भाषा आहे तिच्यात "दारावर कोणी नव्हते" हे तीन शब्दांत होते. वेळेचाही विचार करा. खेळाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते, रोजची देखभाल सकाळी ११ वाजता असते, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार, आणि युरोपातल्या संध्याकाळच्या लढाया आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होतात. नोंदीत खेळाची वेळ लिहा आणि शेजारी भारतीय वेळही लिहा. "पहाटे तीन" हे वाचले की ज्याने जागरण केले त्याची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

सुरुवात कुठून करावी? लोकी, टेंगू सध्या बाजूला ठेवा. व्हेंचरपासून करा. खाणकामाचे ते लहान जहाज नव्या सदस्याला पहिल्या आठवड्यापासून चालवता येते, ते वायूही गोळा करू शकते, आणि लागणारी खनिजे साध्या दगडांतून निघतात. तुमच्या गटात आता जो शेवटचा सदस्य आला आहे त्याला सांगा की त्याने या आठवड्यात फोडलेल्या व्हेल्डस्परमधले ट्रिटॅनियम वेगळे ठेवायचे. तेराव्या सदस्याला मिळणारे व्हेंचर त्या ट्रिटॅनियमचे बांधायचे, त्याचे नाव बाराव्याने ठेवायचे, आणि जहाज सोपवताना बाराव्याने स्वतः हजर राहायचे. तेराव्याने पुढे चौदाव्यासाठी तेच करायचे. बखरीच्या पहिल्या पानावर आज एवढेच लिहून ठेवा: "व्हेंचर पहिले. निमित्त: तेरावा येणार आहे." नावाची जागा मोकळी सोडा.